एल्कसाठी गोळी: दहा मासे, अकरा मासे की तोळाभर?

अमेरिकेत कोलोरॅडोतल्या फोर्ट कॉलिन्सला राहणाऱ्या, मूळच्या नाशिकच्या एका ताईंचा प्रश्न आहे. यंदा त्यांना पहिल्यांदाच मादी एल्कच्या (सांबराएवढं मोठं हरीण) शिकारीचा परवाना मिळालाय, नोव्हेंबरातल्या तिसऱ्या रायफल सीझनचा. रायफल सेकंडहँड, .३०-०६ मापाच्या काडतुसाची. दुकानातल्या माणसाने १५० ग्रेन वजनाच्या गोळ्यांचा डबा पुढे केला, "हलकी आहे, वेगात जाते, सरळ जाते" म्हणून. ऑफिसमधला एक जण म्हणाला, दोनशेच्या खालची गोळी एल्कला लागून खाली पडेल. ताई विचारतायत, कोणाचं ऐकू?

ताई, कोणाचंच नका ऐकू. "किती ग्रेन?" याच्या आधी "कसली गोळी?" हे विचारायला हवं होतं, आणि ते दोघांनीही सांगितलं नाही. तरी उत्तर आधी देऊन टाकतो, नाहीतर शेवटपर्यंत वाचत बसाल. साधी, आत शिसं आणि वर तांब्याचं कवच असलेली गोळी घेणार असाल तर १८० ग्रेन. बाँडेड (शिसं कवचाला आतून चिकटवलेली) घेणार असाल तर १६५. निखळ तांब्याची घेणार असाल तर १५० सुद्धा पुरते, १६५-१६८ मिळाली तर फारच छान. या तिघींतली जी तुमच्या रायफलीतून एका जागी पडते, ती घ्यायची.

मी साताऱ्याकडचा. पंचवीसेक वर्षं कोलोरॅडोत आहे. शिकार इथेच शिकलो, शेजारच्या एका निवृत्त सुताराकडून. आता नवशिक्यांच्या हंटर एज्युकेशन वर्गात शनिवार-रविवार शिकवतो आणि गॅरेजमध्ये स्वतःची काडतुसं स्वतः भरतो. त्यामुळे या विषयावर माझं तोंड उघडलं की लवकर बंद होत नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

आधी त्या ग्रेनचं बघू. डब्यावरचा १५० किंवा १८० हा आकडा पुढच्या गोळीच्या वजनाचा असतो, आतल्या दारूचा नाही. दारूही ग्रेनमध्येच मोजतात, म्हणून वर्गात दर वेळी कोणीतरी गोंधळतं. ७,००० ग्रेनचा एक पाऊंड. आपल्या लोकांना हे माप परकं वाटतं, पण ते आजीच्या पाटल्यांचंच माप आहे. इंग्रजांनी १८३३ मध्ये तोळा ठरवला तो बरोबर १८० ग्रेनचा. तोळ्याचे बारा मासे, म्हणजे मासा १५ ग्रेनचा. आता हिशेब बघा: १५० ग्रेनची गोळी दहा मासे, १६५ ची अकरा मासे, १८० ची एक तोळा. हल्लीचे सराफ दहा ग्रॅमला तोळा म्हणतात तो नव्हे, जुना तोळा, साडेअकरा ग्रॅमच्या किंचित वरचा. दुकानदार आणि सहकारी ज्यावरून भांडतायत तो दीडशे-दोनशेतला फरक सव्वातीन ग्रॅमच्या आसपासचा आहे.

इतका छोटा फरक महत्त्वाचा का ठरतो, ते जनावराकडे बघून कळतं.

ताडोब्यात पूर्ण वाढलेला सांबर नर बघितला असेल. मादी एल्क वजनाला साधारण त्याच पंगतीतली, सव्वादोनशे किलोच्या आसपास. नर तीनशे किलोच्या वर. (युरोपात एल्क म्हणजे मूस, तो वेगळा. आपण बोलतोय ते वापिटी, काश्मीरच्या हंगुलचं नात्यातलं जनावर.) इथले बरेच जण आधी म्यूल डिअरवर शिकतात. ते शंभर किलोच्या आतबाहेरचं हरीण, त्याला कुठलीही बरी गोळी चालते. तीच रायफल, तोच डबा घेऊन माणूस एल्कला जातो, आणि तिथे फसतो.

एल्क समोर आडवी उभी आहे, पुढचा पाय किंचित पुढे टाकलाय आणि गोळी पायाच्या मागच्या रेषेत, खालून एक तृतीयांश उंचीवर लागली, तर मध्ये फक्त कातडं, बरगड्या आणि फुप्फुसं येतात. तिथे १५० आणि १८० मधला फरक जनावराला कळतही नाही. पण जनावर दर वेळी असं पाटीवर काढल्यासारखं उभं राहत नाही. ते तिरकं वळतं, आणि मग खांद्याचं हाड, फऱ्याचं चपटं हाड, नाहीतर मागून तिरका नेम असेल तर पोट आडवं येतं. एल्कचं पोट म्हणजे भिजलेल्या गवताने ठासलेलं पोतं. हाड गोळी फोडतं, हे सगळ्यांना माहीत असतं. ओलं गवत तिला थांबवतं, हे फार थोड्यांना. गोळीची निवड या वाईट कोनांसाठी करायची.

माझी फजिती सांगतो. तिसरं वर्ष होतं, माझ्याकडेही .३०-०६ च होती. स्वस्त मिळाला म्हणून १५० ग्रेनच्या साध्या गोळ्यांचा डबा घेतलेला. गर्द झाडीत, जेमतेम साठ पावलांवर एक मादी उभी राहिली, छाती थोडी माझ्याकडे वळवून. मी खांद्यावर नेम धरला. गोळी हवी तिथेच लागली. मादी बसल्यासारखी झाली, उठली आणि पळाली. बर्फ होता म्हणून माग सापडला. रक्त अगदी तुरळक, दर दहा-बारा पावलांवर एखादा थेंब. तीन तास चालल्यावर ती एका उताराखाली उभी दिसली आणि दुसऱ्या गोळीला पडली. सोलताना बघितलं तर खांद्यावर मुठीएवढा खड्डा, मांसाचा पार लगदा, त्यात शिशाचे कण आणि तांब्याच्या कवचाची लहान कुरतडलेली फुलं. बरगडीच्या आत एकच तुकडा गेलेला, तोही एका फुप्फुसाच्या टोकाला. दहा मासे वजनाच्या गोळीतला एखादा मासाच कामाच्या जागी पोहोचला होता. शेजारचे सुतारबाबा वाकून बघत एवढंच म्हणाले, "जवळ होती ना ती." मला वाटलं ते माझं सांत्वन करतायत. ते कारण सांगत होते.

कारण असं, की गोळी सगळ्यात जोरात असते ती नळीतून सुटल्या सुटल्या. १५० ग्रेनची .३०-०६ गोळी सेकंदाला साधारण २,९०० फूट वेगाने सुटते, आणि साठ पावलांवर त्यातला फारसा वेग कमी झालेला नसतो. मऊ शिसं, वर पातळ कवच, त्यात एवढा वेग आणि पुढे हाड, म्हणजे ती उघडत नाही, फुटते. हीच गोळी अडीचशे यार्डांवर बरगडीत लागली असती तर छान छत्रीसारखी उघडली असती आणि मी आज तिची तारीफ करत बसलो असतो. म्हणून कोणी "माझ्या १५० ने एल्क जागच्या जागी पडला" असं सांगितलं, तर तो खोटं बोलत नसतो. किती लांबून आणि कुठे लागली, एवढंच विचारायचं.

साध्या गोळीत जड घ्या म्हणतो ते यासाठी. जाडी तीच ठेवून वजन वाढवलं तर गोळी लांब होते. टाचणी आणि दाभण यांतला फरक. पुढचं टोक खर्ची पडलं तरी मागे ढकलायला अंग उरतं. शिवाय जड गोळी सुटते हळू, १८० ची सेकंदाला २,७०० फुटांच्या आसपास, म्हणून जवळच्या हाडावर तिच्या चिंध्या व्हायची शक्यता कमी. वजन आणि जाडी यांचं हे नातं मोजायला सेक्शनल डेन्सिटी नावाचा आकडा आहे: .३० कॅलिबरात (कॅलिबर म्हणजे गोळीची जाडी, इंचात) १५० ला ०.२२६, १६५ ला ०.२४८, १८० ला ०.२७१. एल्कसाठी पाव, म्हणजे ०.२५० च्या पुढे राहा, असं जुनी माणसं सांगायची. साध्या गोळ्यांच्या काळात तो नियम बरोबर होता. पण हा आकडा गोळी डब्यात असतानाचा आहे. ती जनावरात शिरून उघडली की जाडी दुप्पट, वजन कमी, आणि आकडा कुठल्या कुठे. आत शिरल्यावर किती वजन उरतं, ते बांधणीवर ठरतं.

माझ्या टेबलाच्या खणात एक सुपारीची डबी आहे. तिच्यात गेल्या इतक्या वर्षांत मांसातून निघालेल्या गोळ्या आहेत. वर्गात ती डबी फिरवली की माझं अर्धं व्याख्यान वाचतं. एक आहे पार्टिशन जातीची. १८० ची सुटलेली, आता ११८ ग्रेन भरते. पुढचं शिसं उडून गेलंय, मागचा अर्धा जसाच्या तसा. ही गोळी अमेरिकेत जॉन नॉस्लर यांनी काढली. १९४६ मध्ये ब्रिटिश कोलंबियात चिखलाने माखलेल्या एका मूसवर त्यांच्या गोळ्या वरच्यावर फुटल्या, म्हणून त्यांनी गोळीच्या मध्येच तांब्याची आडवी भिंत घातली. भिंतीपुढचा भाग उघडो, फुटो, मागचा पुढे जात राहतो. १९४८ पासून ती बाजारात आहे आणि आजही एल्कवाले तिची शपथ घेतात. डबीतली दुसरी बाँडेड, म्हणजे जिच्यात शिसं कवचाला आतून चिकटवून टाकलेलं असतं. ती बेढब, बुटकी, पण एकसंध. तिसरी निखळ तांब्याची, चार पाकळ्या मागे वळलेल्या, पारिजातकाच्या फुलासारखी. १६८ ची होती, १६६ भरली. चौथी त्या तिसऱ्या वर्षीची, म्हणजे तिचं कवच तेवढं, नखाएवढं.

आता माझं सुरुवातीचं उत्तर परत वाचा. तांब्याची १५० आत शिरल्यावरही जवळजवळ दीडशेच राहते. साधी १८० हाडाला लागली तर शंभरच्या खालीसुद्धा येऊ शकते. मग यांत जड कोण? दुकानदाराने दिलेला डबा तांब्याच्या गोळ्यांचा असेल तर त्याचं चुकलं नाही. साध्याचा असेल तर परत करा. डब्यावर नाव असतं, नुसता आकडा बघून घरी येऊ नका.

एक डबा मात्र अजिबात नको. .३०-०६ हे मुळात फौजेचं काडतूस. १९०३ मध्ये अमेरिकी सैन्याने २२० ग्रेनची बोथट गोळी घेतली होती. तीनच वर्षांत ती बदलून १५० ग्रेनची टोकदार केली आणि १९०६ वरून नाव पडलं शून्य-सहा. (तुमच्या दुकानात झालेला वाद किती जुना आहे बघा.) त्या फौजी धाटणीची, टोकापर्यंत कवच असलेली १५० ची गोळी अजून स्वस्तात मिळते. ती उघडतच नाही. सुईसारखी आरपार जाते आणि जनावर मैलभर जाऊन मरतं. कोलोरॅडोत ती शिकारीला बेकायदाही आहे. इथला नियम सांगतो की एल्कसाठी गोळी उघडणारी हवी, निदान ८५ ग्रेनची हवी, कॅलिबर .२४ किंवा वरचं हवं, आणि शंभर यार्डांवर तिच्यात किमान १,००० फूट-पाऊंड ऊर्जा हवी. तुमची कुठलीही .३०-०६ शिकारी गोळी या अटी सहज ओलांडते. कायद्याचा ८५ हा आकडा मात्र पास होण्यापुरते पस्तीस गुण समजा.

"हलकी गोळी सरळ जाते" हे दुकानदाराचं वाक्यही तपासू. रायफल दोनशे यार्डांवर शून्य केली, म्हणजे त्या अंतरावर नेम धरू तिथेच गोळी लागेल अशी लावली, तर तीनशेवर १५० ची गोळी साधारण साडेसात इंच खाली पडते, १८० ची साडेआठ. एका इंचाचा फरक. मादी एल्कचं काळीज-फुप्फुसाचं वर्तुळ फुटाएवढं धरतात. त्यात एक इंच कुठे हरवतो कळत नाही. वेगाचं तर आणखी गमतीचं आहे. सुटताना १५० ची गोळी १८० पेक्षा दोनशे फुटांनी पुढे असते, पण हलकं अंग हवेत लवकर थकतं. तीनशे यार्डांवर ती आघाडी सेकंदाला ५०-१०० फुटांवर आलेली असते, ऊर्जेत १८० पुढे गेलेली असते आणि वाऱ्याने कमी ढळते. नोव्हेंबरात उघड्या माळावर वारा असतोच. हा हिशेब समुद्रसपाटीचा. तुम्ही नऊ-दहा हजार फुटांवर असाल, तिथे हवा विरळ, म्हणजे दोघीही थोड्या कमी खाली येतील. त्या उंचीवर खरी विरळ हवा लागते ती तुमच्या छातीला. चढ चढून आल्याबरोबर बंदूक उचलू नका, दहा श्वास जाऊ द्या.

आता ऑफिसवाल्याचं दोनशे ग्रेन. गोळी वाईट नाही. पण तिची किंमत खांदा देतो. आठ पाऊंडांच्या .३०-०६ मध्ये १५० चा धक्का साधारण १७-१८ फूट-पाऊंड, १८० चा वीसच्या आसपास, आणि तिथून पुढे तो वाढतच जातो. मोठा माणूस, छोटा माणूस, बाई, पुरुष, याच्याशी त्याचा फारसा संबंध नाही. वर्गात सहा फुटी पहिलवान चाप ओढताना डोळे मिटताना बघितलेत. मीसुद्धा एक वर्ष .३०० मॅग्नम, म्हणजे जास्त ताकदीच्या काडतुसाची रायफल, घेऊन मिरवलो आणि दुसऱ्या वर्षी गुपचूप विकली. धक्क्याची भीती बसली की माणूस चाप ओढत नाही, हिसकतो, आणि गोळी पोटात जाते. पोटात गेलेल्या तोळाभर गोळीपेक्षा फुप्फुसात गेलेले अकरा मासे कधीही चांगले.

ही भीती तुमच्यात आहे का, हे तुमचं तुम्हाला कळत नाही. सोपी युक्ती आहे. रेंजवर सोबत कोणालातरी न्या. तुम्ही पाठ फिरवा, त्याने कधी खरं काडतूस भरायचं, कधी नकली, प्लास्टिकचं सरावाचं. तुम्ही नेम धरून चाप ओढा. नकलीवर चाप ओढताना नळीचं तोंड खाली डुंबलं तर भीती आहे. मग १८० सोडा, १६५ बाँडेड किंवा तांब्याची १५० घ्या, आणि महिनाभर .२२ च्या छोट्या, धक्का न देणाऱ्या रायफलीवर सराव करा. ही परीक्षा मी दर सप्टेंबरला स्वतःची घेतो. दोन वर्षांपूर्वी नापास झालो होतो.

रायफलीला विचारायचं ते असं. तिन्ही जातींचा एकेक डबा घ्या. हो, खर्च होतो; तांब्याच्या डब्याची किंमत बघून तोंडात बोट जाईल, तरी घ्या. नळी थंड होऊ देत देत, शंभर यार्डांवर, बाकावर वाळूच्या पिशवीवर रायफल टेकवून तीन-तीन गोळ्यांचे दोन-दोन गट मारा. दीड-दोन इंचांत तीन भोकं पडली की एल्कसाठी पुष्कळ. एखादी नळी विनाकारण एका गोळीवर रुसते, चार-चार इंच फाकवते. तिचं मन वळवायला जाऊ नका, दुसरा डबा घ्या. कुठली हे ठरलं की मगच स्कोप, म्हणजे रायफलीवरची दुर्बीण, शून्य करा, कारण १५० आणि १८० एकाच रायफलीतून एकाच जागी लागत नाहीत, कधी कधी तीन-चार इंचांचा फरक पडतो. सरावाला स्वस्त १५० आणि शिकारीला महाग १८०, हा घोटाळा दर वर्षी कोणीतरी करतं आणि मग स्कोपला शिव्या देतं.

मग बाक सोडा. नऊ इंची कागदी ताटली लावा, खाली बसून, गुडघ्यावर कोपर टेकून पाच गोळ्या. शंभरवर पाचही ताटलीत आल्या की दीडशे, मग दोनशे. ज्या अंतरावर एक बाहेर गेली, त्याच्या अलीकडचं अंतर तुमचं यंदाचं. गोळीची झेप तीनशेच्या पुढे असेल, पण यंदा तिचा इथे संबंध नाही.

तांब्याबद्दल दोन गोष्टी राहिल्या. तांबं शिशापेक्षा हलकं, त्यामुळे तितक्याच वजनाची गोळी लांब होते, आणि लांब गोळी हवेत स्थिर ठेवायला नळीतला पीळ जास्त लागतो. .३०-०६ च्या नळ्यांना बहुधा दहा इंचांत एक फेरा असतो, तो पुरतो. काही .३०८ मध्ये बारा इंचांत एक असतो, तिथे फार लांब गोळी घेण्याआधी कागदावरची भोकं गोल आहेत का ते बघावं. दुसरं, तांबं उघडायला वेग लागतो. सेकंदाला १,८०० ते २,००० फुटांच्या खाली गेली तर पाकळ्या नीट वळत नाहीत. म्हणून तांब्यात उलटी चाल: एक पायरी हलकी घ्या, वेग राखा. शिशात जड, तांब्यात हलकी. ही गोष्ट डोक्यात बसली की निम्मे वाद मिटतात.

घरात लहान मुलं असतील तर मी तांब्याकडे आणखी झुकेन. शिशाची गोळी फुटते तेव्हा डोळ्याला न दिसणारे कण जखमेच्या आजूबाजूला बरेच लांब जातात. कॅलिफोर्नियाने १ जुलै २०१९ पासून शिकारीत शिशाच्या गोळ्या पूर्ण बंद केल्या, त्यामागे शिसं पोटात जाऊन होणारं कॉन्डर गिधाडांचं मरण हे मोठं कारण होतं. कोलोरॅडोत बंदी नाही. शिशाची वापरलीत तर जखमेभोवतीचं मांस हात आखडता न घेता कापून टाका, खिमा करताना तर नक्कीच.

तिसऱ्या सीझनमध्ये माद्या कळपाने असतात, आणि हे मी वर्गात सगळ्यात जोरात सांगतो. तांब्याची किंवा जड बाँडेड गोळी बहुतेक वेळा पलीकडून बाहेर पडते. एरवी ते चांगलंच, दोन भोकं म्हणजे बर्फावर माग ठळक. माझ्या त्या तीन तासांत दुसरं भोक असतं तर अर्ध्या तासात काम झालं असतं. पण मागे दुसरी मादी उभी असेल तर एका गोळीत दोन जनावरं, आणि परवाना एकाचा. थांबा. कळप हलतो, फट पडते. स्कोपमध्ये एकच जनावर मोठं दिसतं, म्हणून गोळी सोडण्याआधी एकदा स्कोपवरून डोकं वर काढून उघड्या डोळ्यांनी मागचं बघा. मादी आहे का हेही तेव्हाच. डोक्यावर छोटी शिंगं असलेला पोरगा कळपात मिसळलेला असतो.

लागल्यावर एल्क बहुधा काहीच दाखवत नाही. दोन पावलं चालते, उभी राहते. "चुकली" म्हणून बसून राहू नका. लगेच दुसरं काडतूस आत सरकवा, आणि ती उभी असून मागे मोकळं असेल तर दुसरी मारा. पडेपर्यंत मारत राहायचं, यात कमीपणा नाही. दिसेनाशी झाली तर अर्धा तास जागेवर थांबा, मग मागावर जा.

इतर रायफलीवाल्यांचे प्रश्न येणारच, म्हणून झटपट. .३०८ वाल्यांनी १६५, तांब्यात १५०. .२७० मध्ये साधी असेल तर १५०, बाँडेड किंवा तांब्याची असेल तर १३०. ७ एमएम रेमिंग्टन मॅग्नमला १६०. ६.५ क्रीडमूरमध्ये १४० च्या आसपासची मजबूत बांधणीची, आणि अंतर आवरतं. .३०० विन्चेस्टर मॅग्नमला १८० ते २००, आणि तिथे साधी गोळी नकोच, तिचा वेग साध्या गोळीला पेलत नाही. .२४३ कायद्यात बसते; पहिल्या वर्षीच्या माणसाला मी ती एल्कसाठी देत नाही.

तुम्ही पुढच्या शनिवारी रेंजवर जाणार असाल तर डब्यांची नावं आणि टारगेटांचे फोटो पाठवा, गट बघून सांगतो. दोन काडतुसं जास्त लागली तर घ्या, पण मोजून. आणि घरी आल्यावर पाठपिशवीचे सगळे कप्पे उलटे करून झटका. डिसेंबरात नाशिकला जाणार म्हणालात ना, ती पिशवी विमानात नेऊच नका. मुंबईला सामानात एक काडतूस, अगदी रिकामी पुंगळी निघाली तरी आर्म्स ॲक्टचं लचांड मागे लागू शकतं, आणि तिथे ग्रेन किती हे कोणी विचारत नाही.